होऊ दे तुझं

१

माझा धंदा लोकांना बेटावर पाठवण्याचा. एव्हरशाईन सिटीत एका इमारतीच्या तळमजल्यावर माझं ऑफिस आहे, बाहेर निळ्या पाण्याचा आणि वाकलेल्या माडाचा बोर्ड. तो माड आमच्याच वाडीतला. मागचं कुंपण पुसून तिथे समुद्र लावून घेतलाय. अंदमान, सहा दिवस पाच रात्री. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पहिला दिवस कॉर्बिन्स कोव्हचा किनारा आणि सेल्युलर जेल, दुसरा रॉस बेट, तिसरा नील, चौथा हॅवलॉकचा काला पत्थर, पाचवा राधानगर, सहावा परत. सरकारने यातली बरीच नावं बदलली, पण गिऱ्हाईक अजून जुनीच नावं घेऊन येतं आणि गिऱ्हाईकाशी वाद घालू नये. राधानगर मी मुद्दाम शेवटी ठेवतो. जेवणात गोड शेवटी असावं.

माझ्या जाहिरातीच्या कागदावर एक वाक्य आहे: 'आईवडिलांना बेट दाखवा, उद्यावर टाकू नका.' मीच लिहिलेलं. वटारच्या एका गृहस्थांनी ते वाचून माझ्यासमोर डोळे पुसले होते आणि तिथल्या तिथे बुकिंग केलं होतं. त्यांच्या आईला मी पाठवलं. माझ्या आईला मात्र कधीच नेलं नाही.

न्यायचं नव्हतं असं नाही. निर्मळला आमची सोनचाफ्याची वाडी. चाफा रोज पहाटे खुडावा लागतो, झाडाला रविवार कळत नाही. बाबा, म्हणजे एकनाथ, होते तोवर दोघं मिळून खुडायची. चार वर्षांपूर्वी ते गेले आणि आई एकटी झाडाखाली उभी राहू लागली. दर दिवाळीनंतर मी म्हणायचो, "आई, या हिवाळ्यात जाऊ." ती म्हणायची, "चाफ्याचं कोण बघेल?" पण तोंडावर हसू असायचं. नेशील तर येईन, असा त्याचा अर्थ. तेवढ्यात माझा फोन वाजायचा, कारण हिवाळा म्हणजे आमचा सीझन. मी फोन कानाला लावला की आई हाताचा पंजा हवेत जरा उलटा झटकायची, होऊ दे तुझं, आणि आत निघून जायची. आम्हा दोघांची निम्मी बोलणी त्या हाताच्या झटक्यापाशी संपली.

तिला बघायची होती एकच गोष्ट. आमचाही समुद्र घरापासून फार लांब नाही, पण गढूळ. "तिकडच्या पाण्यात उभं राहिलं की आपल्या पायाची नखं दिसतात म्हणे, खरं का रे?" मी म्हणायचो, अगदी खरं. मी स्वतः तिथे एकदाच गेलो होतो, एजंट लोकांच्या तीन दिवसांच्या सहलीत, आणि तिन्ही दिवस हॉटेलच्या खोलीत तापाने पडून होतो. नखं मी पण पाहिलेली नव्हती.

२

गेल्या सप्टेंबरात आई वाडीत घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण आई पुन्हा उभी राहिली नाही. तिची खाट आम्ही पुढच्या खोलीत घेतली, खिडकीतून चाफा दिसेल अशी. माझी बायको राधिका शाळेत शिकवते, तेव्हा दिवसा आईजवळ कमळी असायची. खाडीकडच्या गावातली बाई, पन्नाशीची, हाताची उरकती आणि तोंडाची फटकळ. दुपारी ऑफिस सामसूम असतं म्हणून मी जेवायला घरी यायला लागलो. आई धडधाकट होती तेव्हा हे मला कधी सुचलं नव्हतं.

नोव्हेंबरात एका दुपारी आई पंख्याकडे बघत म्हणाली, "राहिलंच बाबा ते बेट."

मी घास ताटात परत ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "राहिलं कुठे? आत्ता जाऊ. मीट डोळे." आणि मी माझा टूरवाला आवाज काढला. "मंडळी, नमस्कार. मी प्रितेश, पुढचे सहा दिवस तुमचा सोबती. आनंदीबाई आल्या का? पट्टा बांधा, विमान निघतंय."

आई हसली. "थांब, अंजिरी पातळ नेसते." बेटासाठी म्हणून तिने एक अंजिरी पातळ वेगळं काढून ठेवलं होतं, कपाटात, घडी न मोडता. तिने डोळे मिटले आणि हातांनी नुसत्याच निऱ्या घातल्या. मग मी तिला विमानातून उतरवलं, कॉर्बिन्स कोव्हच्या माडांखालून चालवलं, जेलच्या लांबच लांब ओवरीत उभं केलं. सगळं कागदावरचं, पण मी बोलतो बरं.

अर्ध्या तासाने मी म्हटलं, "चला मंडळी, परत फिरायचं. कुणी मागे राहिलं नाही ना?"

"नाही," आई डोळे न उघडता म्हणाली. "पण मला असंच घरात घेऊ नकोस. भाकरतुकडा ओवाळ."

आमच्या घरात ही रीत आहे. बाळंतीण आणि नवी नवरी यांच्यावरून तर सगळेच तुकडा ओवाळतात. आई मात्र प्रवासाहून आलेल्या कुणालाही उंबऱ्यात थांबवायची. मी मुंबईहून आलो तरी. तिचं म्हणणं, "माणूस पायांनी पुढे येतं, बाकीचं त्याच्या मागून चालत असतं. उंबऱ्यात थांबवून ओवाळलं की मागचं येऊन मिळतं." कमळीने तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला, आईच्या तोंडावरून तीनदा फिरवला, डोळ्यांना पाणी लावलं आणि तुकडा खिडकीतून वाडीत टाकला. आईने डोळे उघडले आणि चहा मागितला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिने काहीतरी आपणहून मागितलं होतं.

३

आमची रोजची सहल सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात, नीलचा किनारा करून आलो त्या दुपारी, चादर बदलताना कमळी म्हणाली, "दादा, या बिछान्यात वाळू कोनी आनली?"

मी बघितली. चिमूटभर असेल, पायथ्याशी. पांढरी, रव्यासारखी बारीक. आमच्या किनाऱ्याची वाळू काळपट, ती पायाला लागली की चिखलासारखी बसते. ही झटकली आणि गेली.

मी म्हटलं, "तुझ्या चपलेला लागून आली असेल."

"मी खाडीतून येते, दादा. आमच्याकडं चिखल असतो." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चोर.

मग मी विचार केला, कारण माझं डोकं तसं आहे, गिऱ्हाईकाच्या दहा शंकांना दहा उत्तरं देऊन तयार झालेलं. शेजारी बांधकाम चाललंय, तिथली असेल. आईला लावायच्या पावडरीचे खडे असतील. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून येताना मुद्दाम बांधकामापाशी स्कूटर थांबवून बघितलं. तिथे दगडाचा करडा चुरा पडला होता. पावडर तर वाळूसारखी नव्हतीच. त्या दिवशी आम्ही पुन्हा नील केलं आणि आईच्या गाऊनची खालची किनार ओली निघाली. कमळी म्हणाली, "मी अजून अंग पुसलं नाय." मी किनार नाकाशी नेली. मिठाचा वास होता. आई माझ्याकडे बघत होती, आणि तिला माझी जरा गंमत वाटत असावी.

४

आई वाडीत जन्म काढलेली बाई. माडाकडे, शहाळ्याकडे ती तुमच्या-माझ्यासारखं बघत नाही. रॉस बेट करून आलो तर म्हणाली, "तो शहाळंवाला अगदीच अडाणी. शहाळं बुडाकडून सोलतो."

"कोण शहाळंवाला?" मी असं काही सांगितलं नव्हतं. मी हरणं आणि पडक्या इमारती सांगितल्या होत्या.

"धक्क्यापाशी बसलाय तो. पोरगेलासा. डावखुरा आहे, म्हणून असेल. मी म्हटलं त्याला, अरे देठाकडून धर. हसला नुसता. भाषा कळत नाही त्याला."

संध्याकाळी ऑफिसातून मी कृष्णाला फोन लावला. कृष्णा म्हणजे अंदमानातला आमचा ड्रायव्हर, बारा वर्षांची ओळख. इकडचं तिकडचं बोलून त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, रॉसच्या धक्क्यावर शहाळंवाला कोण आहे सध्या? तो म्हणाला, "नवीन पोरगा आहे साहेब, आठ दिवस झाले असतील. का? लोक तक्रार करतात का? डाव्या हाताने सोलतो, जरा उलटंसुलटं."

मी म्हटलं, नाही, तक्रार नाही.

स्वतःला समजावलं की आईने टीव्हीवर काहीतरी पाहिलं असणार. आईच्या खोलीत टीव्ही नाही. हे मला स्कूटर चालू करताना आठवलं आणि मी तसाच थोडा वेळ स्कूटरवर बसून राहिलो.

घरी आल्यावर आईच्या खाटेशी बसलो. तिने माझा हात धरला. "एक सांगू का, प्रितू? तू सांगता सांगता मध्येच थांबतोस ना, फोन बघतोस, तेव्हा तिकडे मला काही सुचत नाही. बाकीची माणसं निघून जातात. मी आपली उभी. तू हाक मारलीस की मग वाट दिसते." तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. आईला तक्रार करता यायची नाही, आणि आम्ही सगळ्यांनी त्याचा भरपूर फायदा घेतला.

५

राधिकाला मी काही सांगितलं नव्हतं. तिला तिचे डोळे होते. एका रविवारी आईचे पाय पुसून ती स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून म्हणाली, "आईंच्या पायावर पट्ट्यांच्या खुणा आहेत. चपलेच्या पट्ट्यांच्या. उन्हाने उठतात तशा."

"खिडकीतून ऊन येतं."

"खिडकीतून ऊन येतं ते मान्य. चप्पल कुठून आली? तीन महिन्यांत बाईने जमिनीला पाय लावलेला नाही." मग तिने आवाज खाली आणला. "नाकाचं साल निघालंय त्यांच्या, प्रितेश. तू बघतोस की नाही?"

मी बघत होतो. आई तुकतुकीत दिसत होती. जेवत होती. कमळीला दटावत होती. खाटेखाली तिची वाडीतली रबरी चप्पल होती, सप्टेंबरापासून तशीच. मी वाकून ती उचलली. पट्टे दमट होते आणि वाळले होते तिथे मिठाचा पांढरा पापुद्रा आला होता. मी ती परत ठेवली.

"हा खेळ बंद कर," राधिका म्हणाली.

मला भीती वाटली का? वाटली. पण खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा जास्त बरं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा मी आईला कुठेतरी नेत होतो. म्हटलं, "राधानगर तेवढं राहिलंय. ते दाखवतो आणि बंद करतो." राधानगर मी तीन आठवडे पुढे ढकलत आलो होतो. आई रोज विचारायची, ते गोडाचं कधी? आणि मी रोज म्हणायचो, शेवटी.

राधिकाने लोटलेलं दार उघडलं. मग म्हणाली, "ठीक आहे. पण नीट आणायचं हं त्यांना परत."

६

शुक्रवारी कमळी सुट्टीवर होती, तिच्या पुतणीची हळद होती. आदल्या दिवशी जाताना तिने बजावलं, "भाकरी वहिनी करून ठेवतील. तुकडा फिरवायला इसरू नका, दादा. पुरुषानं केलं तरी चालतं." मी म्हटलं, अगं बाई, मला काय कळत नाही का?

दुपारी दोन वाजता मी आईच्या खाटेशी खुर्ची ओढली. आईने नेहमीसारख्या निऱ्या घातल्या. मी तिला गाडीतून उतरवलं, उंच उंच झाडांखालच्या वाटेने नेलं. मग झाडं संपतात आणि समोर नुसता प्रकाश, पांढरी वाळू आणि पाणी. मी हे शेकडो वेळा लोकांना ऐकवलंय. चादरीखाली आईचे पाय हलत होते, एकानंतर एक, माणूस वाळूतून चालतं तसे. डॉक्टरांनी जो पाय हलणार नाही म्हणून सांगितलं होतं तोही.

मग ते थांबले. आईच्या चेहऱ्यावर इतकं हसू आलं की मला बघवेना.

"नखं दिसतात," ती म्हणाली. "प्रितू, नखं दिसतात रे."

आणि माझा फोन वाजला.

वटारचा ग्रुप होता, चौदा माणसं. वाऱ्यामुळे बोट रद्द झालेली, सगळी धक्क्यावर अडकलेली, आणि एक बाई फोनवर रडत होती. आता तुम्ही म्हणाल, नव्हता उचलायचा. मीही तेच म्हणतो, रोज म्हणतो. पण तेव्हा माझा अंगठा माझ्याआधी हलला. मी फोन कानाला लावला. आईने डोळे उघडले नाहीत. तिचा हात चादरीवरून वर आला, पंजा हवेत जरा उलटा झटकला गेला. होऊ दे तुझं.

"आलोच, आई," मी म्हटलं आणि ओट्यावर गेलो.

तिथून वाडीत, कारण ओट्यावर आवाज तुटत होता. तिथून ऑफिसात, कारण हॉटेलांची यादी लॅपटॉपमध्ये होती. जाताना शेजारच्या प्रिस्का मावशींना सांगितलं की आई झोपलीय, जरा लक्ष ठेवा. चौदा माणसांची सोय लावली. सगळे आभार मानून मोकळे झाले, आणि मला माझं फार कौतुक वाटलं. घरी आलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. राधिका खाटेशी उभी होती. ताटलीत भाकरी तशीच झाकलेली होती, कडक झालेली.

७

आईचे डोळे उघडे होते. आम्ही पाणी दिलं तर ती गिळायची, कुशीवर वळवलं तर वळायची. पण तिच्या डोळ्यांसमोर बोट नेलं तर नजर बोटावर यायची नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि झटका येऊन गेला म्हणाले, या वयात होतं. पटण्यासारखं होतं. मला पटवून घ्यायची फार इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी कमळी आली. आईकडे एकदा पाहिलं, मग ताटलीकडे, मग माझ्याकडे. "ओवाळलं नाय ना?"

मी मान हलवली.

"मग ही कोन हाय घरात?" ती हळूच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून मागच्या दाराशी जाऊन बसली.

मी काय काय केलं ते सांगत नाही, लाज वाटते. रोज दुपारी खुर्ची ओढून बसायचो. राधानगरची वाट, झाडं, वाळू, पाणी, सगळं पहिल्यापासून सांगायचो. "चला मंडळी, परत फिरायचं. कुणी मागे राहिलं नाही ना?" खोलीत पंख्याचा आवाज यायचा. कमळी तुकडा ओवाळायची आणि मी आईच्या तोंडाकडे बघायचो. एकदा वाटलं की ओठ हलले; कान नेला तर नुसता श्वास होता. बिछान्यात पुन्हा कधी वाळू आली नाही. पायावरच्या पट्ट्यांच्या खुणा फिकट होत गेल्या आणि चप्पल वाळून कडक झाली.

एकोणिसाव्या दिवशी श्वासही थांबला. लोक म्हणाले, सुटली. राधिका तिला नेसवायला अंजिरी पातळ शोधत होती. कपाटात ते सापडलं नाही. घरच्या गडबडीत कुठेतरी गेलं असेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं आणि दुसरं नेसवलं.

८

फेब्रुवारीत कृष्णाचा फोन आला. मी ऑफिसात होतो, समोर गिऱ्हाईक बसलेलं.

"साहेब, तुमचा ग्रुप आहे का सध्या इकडे?"

"नाही. का?"

"मराठी ग्रुप म्हणजे बहुतेक तुमचाच, म्हणून विचारलं. राधानगरचा गार्ड सांगत होता. सूर्य बुडाला की तो शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढतो. एक म्हातारी बाई उठतच नाही. बरेच दिवस झाले म्हणतो. विचारलं तर सांगते, मुलगा फोनवर बोलतोय, झालं की येईल."

समोरचं गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघायला लागलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, तो पलीकडच्या टोकाचे लोक काढून येतो तोवर ती तिथे नसते. बाहेर यायची वाट एकच आहे साहेब, आणि तिथे तोच उभा असतो. त्याला वाटतं कुणी तरी विसरून गेलं असेल. असं कुणी आपल्या म्हातारीला विसरतं का?"

कृष्णाला वाटलं फोन कट झाला.

राधिकाला सांगितलं तेव्हा ती चिडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "कितीचं विमान आहे?" कमळीने भाकरी करून फडक्यात बांधून दिली. म्हणाली, "तिथंच फिरवा. आनि हात धरून आना. बोलत बसू नका."

९

राधानगरला मी दुपारी तीनला पोचलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त विकलेलं ठिकाण मी पहिल्यांदा बघत होतो. मी लोकांना सांगतो तसंच होतं ते, त्यात काही खोट नाही. उंच झाडं, मग प्रकाश, मग वाळू. कुटुंबं फोटो काढत होती. मी झाडाच्या बुंध्याशी बसून राहिलो, खिशात भाकरीचं फडकं.

साडेपाचच्या आसपास ऊन पाण्याला टेकलं आणि गार्डची शिट्टी वाजली. लोक उठले, मुलांना ओढत, टॉवेल झटकत वाटेला लागले. किनारा बघता बघता मोकळा झाला. मी झाडाआड सरकलो, गार्ड मला न बघता पलीकडच्या टोकाकडे चालत गेला.

तेव्हा ती दिसली. बरीच लांब, पाण्यात घोट्याएवढी. सूर्य तिच्या मागे होता, म्हणून तोंड अंधारात. पदर कमरेला खोचलेला. अंजिरी होता की उन्हाने तसा दिसत होता, सांगता येत नाही. सगळी माणसं पाण्याकडे तोंड करून उभी राहतात. ही पाण्याकडे पाठ करून होती, झाडांच्या वाटेकडे बघत.

इथे मी हाक मारायला हवी होती. माझी जीभ, जी दिवसभर बोलते, एवढं एकच काम तिला होतं. पण माझं डोकं मध्ये आलं. परकी बाई निघाली तर? कुणाची तरी आजी असेल, ओरडून घाबरेल, गार्ड येईल. आधी खात्री करू. म्हणून मी हाक मारायची सोडून फोन काढला, कॅमेरा लावला आणि चेहरा मोठा करून बघायला हात वर केला.

काचेवर नुसते दाणे दिसत होते. पण ती ताठ झाली, एवढं कळलं. तिने मला पाहिलं. एक-दोन पावलं पुढे, कोरड्या वाळूवर आली. मग तिची नजर माझ्या हातातल्या फोनवर गेली असावी, कारण ती थांबली. तिचा हात वर आला. पंजा हवेत जरा उलटा झटकला.

मग ती समुद्राकडे वळली आणि वाळूवर सावकाश बसली, अजून वेळ लागणार हे ठाऊक असलेलं माणूस बसतं तशी.

मी फोन टाकला आणि धावलो. ओरडत धावलो, "आई, झालं माझं. झालं. चला, परत फिरायचं." धाप लागली, पाय वाळूत रुतत होते, आणि मी एक क्षण खाली बघितलं. तेवढ्यातच किनारा रिकामा झाला. ती बसली होती तिथे बसल्याची खूणही नव्हती. मी पाण्यात उभा राहून हाका मारत राहिलो. पाणी इतकं स्वच्छ होतं की त्या संधिप्रकाशातही मला माझ्या पायाची नखं दिसत होती. शेवटी गार्डने येऊन माझा दंड धरला. चांगला माणूस होता. म्हणाला, "उद्या या."

उद्या गेलो. परवाही गेलो. आठ दिवस बसलो, फोन हॉटेलात ठेवून. ती पुन्हा दिसली नाही. गार्ड म्हणाला, मी येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत रोज दिसायची. आता बहुतेक तिचा मुलगा आला असेल.

१०

निर्मळला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. चाफा कुणीच खुडला नव्हता. जमिनीवर पिवळा सडा पडून तपकिरी झाला होता. कमळी उंबऱ्याशी ताटली घेऊन उभी होती. राधिका तिच्या मागे. ताटलीत भाकरीचे दोन तुकडे होते.

कमळीने माझ्या मागे वाटेवर बघितलं, फाटकापर्यंत. मग एक तुकडा उचलून माझ्यावरून तीनदा फिरवला, डोळ्यांना पाणी लावलं आणि तुकडा वाडीत फेकला.

"एकटंच आलात, दादा?"

मी हो म्हणालो.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. मी तो उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला. कमळी दुसरा तुकडा टाकायला निघाली तर मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे. आता रोज सकाळी ती ताजी भाकरी मोडते आणि उंबऱ्याशी ताटलीत एक तुकडा ठेवते. संध्याकाळपर्यंत तो कडक होतो.